ब्युरेट कोणाच्या हातात?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून घरोघर एकच विषय चालतो. पोराचे पुढे काय करायचे? मेडिकलला गुण कमी पडलेले असतात, इंजिनिअरिंगच्या खाजगी कॉलेजची फी ऐकून बापाचे तोंड उतरलेले असते. मग शेजारचा कोणीतरी सल्ला देतो, "बी.एस्सी.ला टाका, केमिस्ट्री घेऊन. कुठेतरी चिकटेल." हा 'टाका' शब्द मला फार खटकतो. जुने कपडे पेटीत टाकावेत तसे पोर बी.एस्सी.ला टाकायचे आणि तीन वर्षांनी पेटी उघडून पाहायची! रसायनशास्त्र असे टाकून येत नाही. ते हाताने करावे लागते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटासाठी कारकुनी करणारा माणूस. रसायनशास्त्र शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आमच्या विहारात रविवारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देताना, मुलांबरोबर कॉलेजच्या खिडकीवर उभे राहताना, त्यांच्या जर्नलवर सह्या का राहिल्या याची चौकशी करताना जे दिसले, ते पालकांपुढे ठेवावे असे वाटते.

'शिका' हा परमपूज्य बाबासाहेबांचा संदेश आपल्या प्रत्येक सभेत सांगितला जातो. काय शिका, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी ते लेखी देऊन ठेवले आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे. विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्यांसाठी एक लाख रुपये त्यांनी मागितले. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यात जगन्मान्य झालेला माणूस आपल्या मुलांसाठी विज्ञान मागत होता, हे लक्षात घ्या. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला आणि विज्ञान असे दोन्ही शाखांचे. पुढे १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. प्रयोगशाळा चालवणे किती खर्चाचे असते हे संस्था चालवणाऱ्याला विचारा. फळा आणि बाकांवर कॉलेज चालते, पण विज्ञानाला गॅस लागतो, पाणी लागते, काचेची भांडी लागतात आणि ती फुटतात. पैशाची एवढी ओढाताण असतानाही बाबासाहेबांनी तो खर्च टाळला नाही.

आता कोणी म्हणेल, केमिस्ट्रीचा आणि आपला काय संबंध? संबंध फार जुना आहे. पिढ्यान् पिढ्या कातडे कमावणारे ढोर बांधव काय करीत होते? चुन्याच्या निवळीत कातडे भिजवून केस सोडवायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचे. साल-हिरड्यातील टॅनिन कातड्यातील प्रथिनाला घट्ट धरते म्हणून कातडे कुजत नाही. हे शुद्ध रसायनशास्त्र आहे. विद्यापीठात त्याला लेदर केमिस्ट्री म्हणतात आणि त्यावर डॉक्टरेट मिळते. कुंडाजवळ उभे राहून आयुष्य घालवणाऱ्याला मात्र त्याच कामाबद्दल गावाबाहेर ठेवले गेले.

दुसरे उदाहरण आजचे आहे आणि ते अधिक क्लेशदायक आहे. जुन्या प्रयोगशाळांत किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड वायू काढीत. सडक्या अंड्यासारखा वास. क्षारातील धातू ओळखण्यासाठी तो द्रावणातून सोडायचा. पुस्तकात त्याचे गुणधर्म दोन ओळींत दिलेले असतात: हवेपेक्षा जड, विषारी, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकणारा. हाच वायू बंद गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये तळाशी साचतो. आत उतरलेल्या सफाई कामगाराला सुरुवातीला वास येतो, मग वास येईनासा होतो. त्याला वाटते वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना २०१४ साली दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. उतरणारे कोणत्या समाजाचे असतात हे मी वेगळे सांगायला नको. ज्या दोन ओळी पदवीच्या पुस्तकात आहेत, त्या कंत्राटदाराला दरडावून सांगणारा केमिस्ट आपल्या वस्तीत असेल तर एखादा जीव वाचू शकतो.

आता अभ्यासाकडे वळू. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावी-बारावी इंग्रजीतून करावी लागते, आणि बी.एस्सी.ची पुस्तकेही इंग्रजीच. शाळेत तो मूलद्रव्य, संयुग, आम्ल, अल्कली, ऑक्सिडीकरण, क्षपण असे शब्द शिकलेला असतो. वर्गात एलिमेंट, कंपाउंड, रिडक्शन ऐकून त्याला वाटते की हे सारे नवीनच आहे. नवीन काही नसते, नावे बदललेली असतात. पहिल्या महिन्यात एका वहीत दोन रकाने आखून मराठी-इंग्रजी शब्द लिहायला लावावेत. आमच्याकडील मुलांना याचा फार उपयोग झाला. हिंदी पुस्तक वापरणाऱ्याने जरा सांभाळावे. आपण ॲटमला अणू आणि मॉलिक्युलला रेणू म्हणतो. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्युल म्हणजे अणु. या एका शब्दाने पोरांचा गोंधळ उडतो.

मुले अडखळतात ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे मोल. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, आणि त्यात रेणू किती, तर साधारण सहावर तेवीस शून्ये. आकडा पाहून घाबरू नये. वाणी जसा डझन मोजतो तसा केमिस्ट मोल मोजतो, एवढे मनात ठसले की पुढची निम्मी गणिते सुटतात. दुसरे ठिकाण म्हणजे गणित. "केमिस्ट्रीला गणित कशाला?" म्हणून विषय निवडताना ते सोडले जाते. मग भौतिक रसायनशास्त्रात, विशेषतः उष्मागतिकी आणि अभिक्रियेचा वेग शिकताना, डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन पुढे येते आणि मुलगा पाठांतरावर उतरतो. शक्य असेल त्याने पहिल्या वर्षी तरी गणित सोडू नये.

परंतु सर्वात मोठे नुकसान वर्गात होत नाही, प्रयोगशाळेत होते. आमच्या वस्तीतील एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील बांधकामावर मजुरीला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखे. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी चार-चार मुलांच्या बॅच पाडल्या होत्या. प्रयोग टायट्रेशनचा. ब्युरेटमध्ये सोडा, खालच्या फ्लास्कमध्ये आम्ल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. वरून थेंब थेंब सोडत जायचे. शेवटच्या एका थेंबाला रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होते, तिथे थांबायचे. एक थेंब जास्त पडला तर गडद गुलाबी होऊन प्रयोग फुकट. ही नजर आणि हे बोट तयार व्हायला वीस-पंचवीस टायट्रेशने करावी लागतात. आमच्या मुलीने वर्षभरात किती केली? एकही नाही. ती रीडिंग लिहून घ्यायची. बॅचमधील दोघे ब्युरेट चालवीत, तिसरा फ्लास्क हलवी आणि "तुझे अक्षर छान आहे, तू लिही" म्हणून वही तिच्याकडे.

तिला कोणी हात लावू नकोस असे म्हटले नव्हते. तसे म्हणण्याची गरजही पडत नाही. ज्यांच्या घरी दादा-ताई विज्ञान शिकलेले, ज्यांना काच फुटली तर भरून देण्याची धास्ती नाही, ती मुले आपोआप पुढे सरसावतात. ज्याला फुटलेल्या पिपेटचे पैसे कोठून आणायचे हा प्रश्न पडतो तो मागे सरकतो आणि वही धरतो. आम्ही कारकून मंडळी आयुष्यभर दुसऱ्याने केलेले लिहून घेतो. आपली मुले प्रयोगशाळेतही लिहूनच घेणार असतील तर त्यांना तिथे पाठवून काय साधले?

वार्षिक परीक्षेच्या तोंडीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला साधा प्रश्न विचारला. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने खळबळून घेतात, पण फ्लास्क मात्र नुसत्या पाण्याने धुतात, असे का? तिला सांगता आले नाही. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण पातळ होते. फ्लास्कमध्ये पाणी राहिले तरी चालते, कारण पिपेटने मोजून टाकलेल्या आम्लात त्याने काही फरक पडत नाही, उलट द्रावणाने खळबळले तर जादा आम्ल आत राहते. ज्याने चार वेळा भांडी धुतली त्याला हे न वाचता कळते. तिने एकदाही धुतली नव्हती. रीडिंगची वही नीटनेटकी, आणि प्रॅक्टिकलला गुण काठावरचे.

दुसऱ्या वर्षी आम्ही विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला की, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रयोग करण्याची संधी मिळावी आणि चुकलेली प्रॅक्टिकल शनिवारी भरून घेऊ द्यावीत. कारकुनाचा अनुभव म्हणून सांगतो, तोंडी तक्रारीला वजन नसते. अर्जावर आवक क्रमांक पडला आणि पोच हातात आली की कागद हलतो. अर्जात कोणावर आरोप केला नव्हता, फक्त मागणी होती. ती मान्य झाली. शनिवारी प्रयोगशाळेत फक्त ती आणि लॅब असिस्टंट. त्या भल्या गृहस्थाने तिला ब्युरेटची तोटी डाव्या हाताने कशी फिरवायची आणि उजव्या हाताने फ्लास्क कसा हलवायचा हे शिकवले. दिवाळीपर्यंत तिची तीन रीडिंगे एकसारखी येऊ लागली.

सगळीकडे एवढ्यावर निभावत नाही, हेही खरे. आडनाव ऐकून सूर बदलणारे, तोंडी परीक्षेत "कोणत्या कॅटेगरीतून आलात?" असे विचारणारे आजही भेटतात. अशा वेळी प्रयोगशाळा सोडून यायचे नाही, एवढेच मी मुलांना सांगतो.

या बाबतीत अमेरिकेतील एका माणसाचे चरित्र आपल्या मुलांना माहीत असावे. तेथील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतले. परंतु पर्सी ज्युलियन हे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. जन्म १८९९, अलाबामातील माँटगोमेरी. आजोबा गुलाम होते. लिहायला शिकले म्हणून त्यांची दोन बोटे तोडली गेली होती, असे त्या घरात सांगितले जाई. वडील रेल्वेच्या टपाल सेवेत कारकून (कारकुनाच्या पोराने काय करावे हे इथे पाहावे!). त्या गावात काळ्या मुलांसाठी सरकारी हायस्कूलच नव्हते. म्हणून १९१६ साली, ज्या वर्षी बाबासाहेब कोलंबिया सोडून लंडनला गेले त्याच वर्षी, हा मुलगा इंडियानातील डीपॉ विद्यापीठात दाखल झाला तेव्हा त्याला कॉलेजच्या विषयांबरोबर राहिलेले शाळेचे विषयही करावे लागले. वसतिगृहात काळ्यांना जागा नव्हती. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात भट्टी पेटवायची, टेबलावर वाढायचे आणि त्या बदल्यात माळ्यावर झोपायचे, असे करून तो १९२० साली वर्गात पहिला आला.

पुढे हार्वर्डला शिष्यवृत्ती मिळाली, १९२३ साली मास्टर्सची पदवीही मिळाली. पण डॉक्टरेट करायची तर सहायक शिक्षक म्हणून काम मिळणे जरूर होते, आणि ती जागा त्याला नाकारली गेली. कारण काय? काळ्या माणसाने शिकवलेले गोऱ्या विद्यार्थ्यांना खपणार नाही! ज्युलियनने काळ्यांच्या कॉलेजांतून शिकवीत वर्षे काढली आणि १९२९ साली शिष्यवृत्ती मिळवून थेट व्हिएन्ना गाठले. तेथे १९३१ साली वनस्पतीतील द्रव्यांवर काम करून तो डॉक्टर झाला. १९३५ साली त्याने योसेफ पिकल या सहकाऱ्याबरोबर फायसोस्टिग्मीन हे काचबिंदूवरील औषध प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. याच कामात ऑक्सफर्डचे नामांकित रॉबर्ट रॉबिन्सन गुंतले होते आणि त्यांचा मार्ग चुकीचा आहे हे ज्युलियनने सिद्ध केले. एवढे होऊनही त्याच्या मातृविद्यापीठाने त्याला प्राध्यापक केले नाही. मग तो ग्लिडन नावाच्या रंगाच्या कंपनीत गेला आणि सोयाबीनपासून संप्रेरके तयार करण्याच्या रीती शोधून काढल्या. त्यामुळे पुढे सांधेदुखीवरील औषधे स्वस्त होण्यास मदत झाली. शंभराहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर झाली. १९५० साली शिकागोजवळ ओक पार्कमध्ये त्याने घर घेतले, तर राहायला जाण्यापूर्वीच ते पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट टाकले. तो घर सोडून गेला नाही. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले, तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

आपल्याकडे मुलींची वाट तर आणखीच अवघड होती. कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) १९३३ साली मुंबई विद्यापीठात रसायन विषय घेऊन पहिल्या आल्या. तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून नाकारले. त्या हटून बसल्या, मग एक वर्षाच्या अटीवर घेतले. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या मुलीच्या पाठीशी असे घर नसते, म्हणून विहाराने आणि वस्तीने ते व्हावे लागते.

आता पैशाचे आणि कागदांचे. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. २०२१ च्या केंद्रीय नियमावलीत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली आहे. त्या नियमावलीप्रमाणे केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. पालकांनो, त्यात कॉलेजची फीसुद्धा असते! तो पैसा घरच्या अडचणीला वापरला गेला की कॉलेज वर्षाच्या शेवटी कागद अडवते आणि पोरगे रडकुंडीला येते. खात्यात रक्कम आली की त्याच आठवड्यात फी भरून पावती घ्यावी. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

आणखी एक गोष्ट, जी ऐन वेळी अनेकांना कळते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. राज्याचा जातीचा दाखला घरात असतो, पण आय.आय.टी. किंवा केंद्रीय विद्यापीठात प्रवेश घ्यायचा तर केंद्राच्या नमुन्यातील दाखला स्वतंत्र काढावा लागतो. तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षीच काढून ठेवावा. कारण एम.एस्सी.साठी आय.आय.टी.मध्ये नेणारी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच भरले जातात. आपल्या मुलांना या परीक्षेचे नावच ठाऊक नसते, ही खरी अडचण आहे. अभ्यासक्रम तर बी.एस्सी.चाच आहे.

एम.एस्सी.नंतर नेट, सेट, संशोधनासाठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप, बार्टीची फेलोशिप, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असे मार्ग आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची आय.सी.टी. (जुनी यू.डी.सी.टी.) या आपल्याच राज्यातल्या संस्था आहेत, मुलांना एकदा त्यांच्या फाटकापर्यंत तरी घेऊन जावे. बी.एस्सी.वर थांबणाऱ्याला अंबरनाथ, तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम येथील कारखाने आहेत. महाडलाही आहेत. ज्या गावात १९२७ साली पाण्यासाठी आपल्या लोकांनी मार खाल्ला, त्याच गावच्या औद्योगिक वसाहतीत आज रसायनांचे कारखाने उभे आहेत. तेथे टाक्या धुणारा कंत्राटी मजूर व्हायचे की पाण्याचा नमुना तपासून सही करणारा केमिस्ट, हे ब्युरेट हातात धरता येते की नाही यावर ठरते. कंपन्यांत मुलाखतीला पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा नसतो, एच.पी.एल.सी. यंत्र चालवले आहे का, द्रावण तयार करता येते का, असे विचारतात.

वर सांगितलेली मुलगी आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ॲनालिटिकल केमिस्ट्री घेऊन. सुट्टीत घरी आली की वस्तीतल्या पोरांना सामान्य विज्ञान शिकवते. यंदा आमच्याकडून पाच जण बी.एस्सी.ला जात आहेत, त्यात तीन मुली. विहाराच्या कपाटात लॉग टेबलची दोन पुस्तके, चार ॲप्रन, एक संरक्षक चष्मा आणि मागच्या वर्षीची जर्नले जमा केली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर नाव लिहून घेऊन जावीत. जर्नल उतरवून काढण्यासाठी मात्र दिले जाणार नाही.